फोटोतल्या माणसाची दाढी

"डावीकडं अजून थोडी उतरव," थोरवत म्हणाले आणि त्यांनी हातातला फोटो माझ्या गालाशी धरला. "बघ. त्याची मिशी ओठाच्या कोपऱ्याशी थांबत नाही. खाली येते आणि दाढीच्या खुंटांत मिसळून जाते. ह्याची अजून अलग दिसते."

सुभाषनं कात्री थांबवली. आरशात आधी माझ्याकडं बघितलं, मग फोटोकडं. "साहेब, केस वाढल्याशिवाय खाली उतरणार कसे? अजून आठवडा जाऊ द्या. तोवर मी मिशीला वळण लावून ठेवतो."

"ठेव. पण गालावर रेघ मारू नकोस. कोरलेली दाढी नको मला. आपोआप वाढल्यासारखी पाहिजे. कंटाळलेल्या माणसाची असते तशी."

मी खुर्चीत मान ताठ धरून बसलो होतो. ज्याची दाढी माझ्या तोंडावर उगवत होती, त्या माणसाचा चेहरा मला आरशात उलटा दिसत होता. जाडसर मिशी, दोन्ही कोपऱ्यांना खाली आलेली. गालांवर आणि हनुवटीवर बोटाला टोचतील एवढेच खुंट. खालच्या ओठाखाली केसांचा बारीक ठिपका. हनुवटीच्या डाव्या अंगाला एक पांढरा डाग. मागं निळी भिंत, आणि एका बाजूला थाळ्यांची चळत.

"हा कोण आहे?" मी विचारलं.

"दिनकर शेवाळे," थोरवत म्हणाले. "म्हणजे तुम्ही."

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कराडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर जळक्या मोटारींतली तांब्याची तार उलगडायची आणि नवी भरायची. संध्याकाळी नाटकाची तालीम. आमचा ग्रुप दरवर्षी स्पर्धेत उतरायचा आणि दरवर्षी मला हवालदार, नाहीतर गडी, नाहीतर निरोप आणणारा माणूस मिळायचा. त्या वर्षी मी पोस्टमन होतो. प्रयोग संपल्यावर थोरवत विंगेत आले. पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात दोन मोबाइल. मुंबईच्या एका मालिकेसाठी कलाकार शोधतो म्हणाले. बाकी कुणाकडं न बघता सरळ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तुमचा चेहरा मला पाहिजे."

मला तेव्हा वाटलं, ते माझ्या अभिनयाबद्दल बोलताहेत.

भूमिका त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. बरीच वर्षं परागंदा झालेला माणूस गावी परततो, वडिलांच्या जमिनीच्या कागदावर सही करतो आणि निघून जातो. बोलणं कमी, चेहरा महत्त्वाचा. दाढी खरीच वाढवायची, कारण चिकटवलेली दाढी कॅमेऱ्यात कळते. आणि ही दाढी कराडात करायची नाही. "वेश आधीच फुटला तर मजा जाते," असं म्हणून दर तीन-चार दिवसांनी ते मला गाडीत घालून उंब्रजला सुभाष काशीदच्या सलूनमध्ये न्यायचे.

सुरुवातीचे दिवस मी हवेतच होतो. दुकानात मोटार खोलता खोलता मी गालावरून हात फिरवायचो. पण घरी उज्ज्वला, माझी बायको, ताट वाढताना माझ्याकडं बघायची आणि तिचा हात मध्येच थांबायचा.

"शूटिंग कुठं आहे?" तिनं एकदा विचारलं.

"अजून ठरायचंय."

"तुझ्यासोबत अजून कोण आहे?"

"ते गुप्त असतं."

"स्क्रिप्ट?"

"सीन एकच आहे गं. तोंडीच सांगितलाय."

तिनं पोळी ताटात टाकली. "नाटकात तू पोस्टमन होतास, तरी वही घेऊन पाठांतर करायचास. आणि मालिकेत काम मिळालं तर हातात चिटोरंसुद्धा नाही. मला हे काही सरळ वाटत नाही, नंदू."

मी तिच्यावर चिडलो. चिडलो, कारण तेच माझ्याही मनात कुठंतरी टोचायला लागलं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे, तो फोटो थोरवत कधी हातातून सोडत नसत. सलूनमध्ये आणायचे, माझ्या तोंडाशी धरायचे आणि निघताना खिशात घालायचे. मी एकदा म्हणालो, "मला द्या की. घरी आरशात बघून भाव बसवतो." ते हसले. "भाव बसवायची गरज नाही. नुसते उभे राहिलात तरी पुरे." नटाला असं कोण सांगतं?

दुसरी गोष्ट सही. एके दिवशी गाडीत त्यांनी मला कोरा कागद आणि पेन दिलं. वर एक सही होती, 'दि. बा. शेवाळे'. अक्षर मोठं, शेवटचा 'ळे' खाली घसरलेला. "हाताचा क्लोजअप आहे," ते म्हणाले, "सराव करा." मी पानभर सह्या केल्या. त्यांनी चष्मा वर करून एकेक सही तपासली, तीन-चार नापास केल्या आणि गाडी थांबवून तो कागद काडेपेटीनं जाळून टाकला. मी बघत राहिलो.

"जाळलात कशाला?"

"कचरा गाडीत ठेवायची मला सवय नाही."

गाडीत पायाशी शेंगांच्या टरफलांचा ढीग पडला होता.

तिसरी गोष्ट सुभाष बोलला. त्या दिवशी थोरवत मोबाइलवर बोलत बाहेर गेले होते. सुभाष ट्रिमरला दोन नंबरचा दात लावून माझ्या गळ्याखालचे केस काढत होता. एरवी तो कमी बोलायचा. आज दाराकडं नजर ठेवून हळूच म्हणाला, "नंदूभाऊ, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"ह्या खुर्चीत नवरदेव बसले, पुढारी बसले, तुरुंगातनं सुटून आलेले बसले. सगळ्यांचं एकच, चांगला दिसू दे. हा पहिलाच माणूस बघितला, जो म्हणतो चांगला दिसू देऊ नको, त्याच्यासारखा दिसू दे. काल मला म्हणाला, कानाजवळचे केस पण फोटोसारखे विरळ कर. अहो, एवढं मालिकेत कोण बघतं?"

"कॅमेऱ्यात सगळं दिसतं म्हणतात."

"मग कॅमेरावाला एकदा तरी यायला नको का बघायला?"

तेवढ्यात थोरवत आत आले आणि सुभाषनं ट्रिमर पुन्हा चालू केला.

त्यानंतर पांढऱ्या डागाची पाळी आली. माझी दाढी काळीभोर. सुभाषनं कसलंसं पाणी आणि पावडर कालवून हनुवटीच्या डाव्या बाजूला लावली. आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं. थोरवत घड्याळ बघत उभे होते. धुतल्यावर डाग पिवळट निघाला, तर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. कातडी सोलवटली, पण दुसऱ्या वेळी केस पांढरे झाले. त्यांनी फोटो शेजारी धरला आणि पहिल्यांदाच समाधानानं मान हलवली. त्यांचं ते समाधान मला आवडलं नाही. नट साधला म्हणून दिग्दर्शक खूश होतो, तो आनंद वेगळा. हे म्हणजे कुलपाला किल्ली बसल्यावर होतं तसं होतं.

परतताना मी गाडीतच विचारलं, "थोरवतसाहेब, हा दिनकर शेवाळे खरा माणूस आहे का?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "का हो?"

"नट असता तर त्याच्याच तोंडाची एवढी नक्कल कशाला केली असती? त्यालाच घेतलं असतं."

त्यांनी गिअर बदलला. मग मोकळं हसले. "हुशार आहात. ऐका, हा नव्या धर्तीचा कार्यक्रम आहे. खऱ्या घटनेवर. खऱ्या जागी, खऱ्या कचेरीत, छुपा कॅमेरा लावून शूट होणार. साहेबांना कल्पना दिलेली आहे, पण ते ओळख दाखवणार नाहीत. तुम्हीही दाखवायची नाही. कॅमेरा शोधत बसायचं नाही. साहेब विचारतील त्याला हो म्हणायचं, सही करायची, अंगठा लावायचा, बाहेर यायचं. एक टेक."

"आणि खरा दिनकर?"

"तो कधीच मेला," थोरवत म्हणाले. "बिनवारशी. म्हणून तर गोष्ट आहे."

खरं सांगतो, मी ते अर्धं पटवून घेतलं. तेव्हा टीव्हीवर छुप्या कॅमेऱ्याचे कार्यक्रम चालायचे. आणि इतकी वर्षं निरोप्याचं काम केलेल्या माणसाला कुणी गोष्टीचा नायक म्हटलं, की त्याची शंका लंगडी होते. पण उरलेलं अर्धं काही पटेना.

ठरलेल्या दिवशी सकाळी शेवटचा हात फिरवायला आम्ही उंब्रजला गेलो. सुभाषनं मिशीचे दोन केस कापले, खुंटांना तेलाचं बोट लावून फडक्यानं पुसलं, कारण दाढी चकाकता कामा नये असा हुकूम होता. त्या दिवशी पहिल्यांदाच थोरवतांनी फोटो आरशाच्या चौकटीत खोचला होता. थोरवतांचे दोन्ही मोबाइल एकदम वाजायला लागले आणि ते बोलत बोलत गाडीकडं गेले. सुभाषनं फोटो काढला, माझ्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि वर खांद्यावरचे केस झटकल्यासारखं केलं.

"मागितला तर मी विसरलो म्हणून सांगेन," तो पुटपुटला. "पण तुमच्याकडं असू दे."

थोरवतांना त्या घाईत फोटोची आठवणच झाली नाही. त्यांना आता फोटोची गरज नव्हती. मी होतो ना.

तालुक्याच्या गावी दस्त नोंदणीची कचेरी वरच्या मजल्यावर होती. खाली आवारात लिंबाचं झाड, झेरॉक्सचं दुकान, टेबल मांडून बसलेले दस्तलेखक. मी बघायचं नाही असं ठरवूनही कॅमेरा शोधत होतो. कुठंच काही नव्हतं. थोरवतांनी मला एक मतदान कार्ड दिलं. वर दिनकर शेवाळे हे नाव आणि तोच फोटो. "प्रॉप," ते म्हणाले. "इथंच झाडाखाली थांबा. कुणाशी बोलू नका. मी वर नंबर लावून येतो."

मी झाडाखाली उभा राहिलो. कार्ड उलटंपालटं करून बघत होतो. इतकं खरं कार्ड खोट्या मालिकेसाठी कोण करून घेईल?

तेवढ्यात फाटकातून एक बाई जवळजवळ धावतच आत आली. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ. तिनं आवारभर नजर फिरवली, माझ्यावर येऊन ती थांबली आणि तिच्या तोंडातून असा आवाज निघाला, की दस्तलेखकांनीही माना वर केल्या.

"दिनू!"

मी हललो नाही. ती आली, तिनं माझे दोन्ही दंड धरले. मग तिचे हात वर माझ्या गालांवर आले. खरखरीत, गरम हात. त्या खुंटांवरून ते एकदा फिरले. तिचे डोळे माझ्या डोळ्यांपर्यंत आले, आणि तिथं सगळं थांबलं.

हात खाली पडले.

"तू दिनू न्हाईस," ती म्हणाली. अगदी हळू. तिला त्याची लाज वाटल्यासारखं.

"नाही."

"मग कोन हाईस? गावातला स्टँपवाला म्हनला, शालनअक्का, तुजा भाऊ आलाय, आज जमिनीची सही हाय. मी भाकरी तशीच तव्यावर टाकून आले." तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत आता चीड होती. "ही त्याची मिशी. अशीच कोपऱ्याला पडायची, बाबा हसायचे त्याला. पन माज्या भावाच्या दाढीत पांढरं न्हवतं. गेला तवा सव्वीसचा होता. कोळशागत काळी होती. हे पांढरं कुठनं आनलंस?"

"फोटोत आहे," मी म्हणालो.

"कसला फोटो?"

मी खिशातला फोटो काढून तिच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला, मग जवळ. मग ती खालीच बसली, झाडाच्या पारावर नाही, जमिनीवर. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. फोटोतल्या पांढऱ्या डागावर तिनं अंगठा ठेवला आणि काढला.

"ह्यो म्हातारा झालाय," ती म्हणाली. "म्हंजे जिता हाय."

मला त्या क्षणी सगळं कळलं. मालिका नव्हती, कॅमेरा नव्हता. तपशील नंतर पोलिसांत कळले: जमीन बहीणभावाच्या नावावर होती, तिच्या बांधाला लागून नवा रस्ता निघणार होता आणि भाऊ आल्याशिवाय विकायची नाही म्हणून बहीण अडून बसली होती. म्हणून भाऊ तयार केला होता. आणि तो बिनवारशी मेला हेही खोटं. मेलेल्या माणसाचा ताजा फोटो येतो कुठून? थोरवतांनी त्याला शोधला होता. तो कुठं आहे, हे ह्या आवारात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता जिन्यावरून खाली येत होता.

शालनअक्काला पाहून थोरवतांचा पाय एका पायरीवर थांबला. पण दुसऱ्याच क्षणी ते हसत पुढं आले. "अरे वा, अक्का! भाऊ भेटला का?"

मला वाटलं, आता ती बोंब मारणार. तिनं मारली नाही. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि थोरवतांच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, "मला येडी समजू नकोस. ह्यो माजा भाऊ न्हाई. मी आता वर जाऊन वरडले तर तुजं काय हुईल, ते तुला म्हाईत हाय."

"अक्का, हळू..."

"पन मी वरडनार न्हाई. तुला जमीन पायजे ना? घे. त्याचा हिस्सा घे, माजा बी घे. मी सही देते. मला येवढंच सांग, फोटू कुठं काढलास?"

थोरवतांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार, हे ते जोखत होते. आयुष्यात मी अनेक प्रयोग केले, पण तेवढी चांगली भूमिका माझी कधी वठली नाही. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "मला माझं काम संपवून घरी जायचंय. सांगा की काय ते. त्या सही करायला तयार आहेत. तुमचाच फायदा आहे."

लोभ माणसाच्या चेहऱ्यावर कसा पसरतो, ते मी त्या दिवशी एका हाताच्या अंतरावरून पाहिलं. थोरवत इकडं तिकडं बघून म्हणाले, "सावंतवाडीला. मुलांचं वसतिगृह आहे, मोती तलावापासून जवळ. तिथं आचारी आहे. मी सरळ बोलायला गेलो होतो, पण तुमचा भाऊच म्हणाला, घरच्यांना सांगा मी मेलो. मग मी तरी काय करणार?"

"खरं?"

"आईशपथ."

शालनअक्कानं डोळे मिटले आणि उघडले. "चला," ती म्हणाली.

आम्ही तिघं वर गेलो. आमचं नाव पुकारलं गेलं. टेबलामागं बसलेल्या अधिकाऱ्यांनी कार्ड घेतलं, त्यावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं. चेहरा जुळत होता. सुभाषचं काम चोख होतं.

"तुम्हीच दिनकर बापू शेवाळे?" त्यांनी विचारलं.

थोरवतांचा श्वास मला माझ्या मानेवर जाणवत होता. शालनअक्का शेजारी उभी होती, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मला काही सांगितलं नव्हतं, काही मागितलंही नव्हतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. जमीन गेली तरी तिला चालणार होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी नंदकुमार विठ्ठल ओतारी. कराडला मोटारी रिवाइंड करतो. दिनकर शेवाळे जिवंत आहेत, पण ते इथं नाहीत. ही दाढी मला ह्यांनी ठेवायला लावली."

मी मागं हात दाखवला. तिथं कुणीच नव्हतं. जिन्यावर बुटांचा आवाज येत होता.

थोरवत लांब गेला नाही. त्याच्या गाडीचा नंबर सुभाषला पाठ होता. पोलिसांत माझे जबाब झाले, उलटसुलट प्रश्न झाले. मलाही आरोपी करतील अशी दोन दिवस भीती होती. शालनअक्कानं आणि सुभाषनं साक्ष दिली म्हणून मी निभावलो. फौजदारांनी मला एकच तंबी दिली. "पंचांसमोर तुमचे रीतसर फोटो काढायचेत. तोवर दाढीला हात लावायचा नाही."

म्हणून सावंतवाडीला गेलो तेव्हा ती दाढी माझ्या तोंडावर तशीच होती.

मी जायचं काही कारण नव्हतं. शालनअक्का स्वतः कराडला आमच्या घरी आली. उज्ज्वलानं दिलेला चहा बशीत ओतून तिनं तसाच ठेवला. म्हणाली, "तू चल बाबा माज्यासंगं. मी त्याला पोरसवदा बघितलाय. तुजा सगळा महिना त्याच्या तोंडाकडं बघन्यात गेलाय. मला वळखू आला न्हाई तर?"

उज्ज्वला म्हणाली, "जा."

एसटी आंबोलीचा घाट उतरत असताना अक्कानं मला सांगितलं. भावाचं वडिलांशी वाजलं होतं. कशावरून ते आता तिलाही धड आठवत नव्हतं, म्हशीच्या व्यवहारावरून असावं. वडिलांनी त्याला मारून घराबाहेर काढला. तो थोड्या वेळानं परत आला आणि दार वाजवायला लागला. ती तेव्हा माहेरी आलेली होती. वडील माजघरातून ओरडले, उघडायचं नाही. "माजा हात कडीवरच हुता," ती म्हणाली. "त्यो अक्का, अक्का म्हनत हुता. मी उघडलं न्हाई."

वसतिगृहाचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. निळी भिंत दिसली आणि माझी खात्री पटली. आत चुलाण्यावर मोठं पातेलं रटरटत होतं. एक पोरगेलासा गडी भाजी चिरत होता, आणि एक मध्यम वयाचा माणूस तव्यावर चपात्या शेकत होता. तुळतुळीत दाढी केलेला. मिशीसुद्धा नाही. अक्काची नजर त्याच्यावरून सरकून पुढं गेली. मीही फोटोतला माणूस शोधत होतो. त्यामुळे मीही त्याला ओलांडून पुढं बघितलं.

त्यानं मान वर केली. अक्का माझ्या पाठीमागं होती, त्यानं बघितलं ते मला. त्याच्या हातातला चिमटा तव्यावर पडला.

"माजं तोंड," तो म्हणाला, "तुला कुनी दिलं?"

अक्का पुढं झाली. आवाजावरून तिनं ओळखलं. पण तिला पुढं जाता येईना. पाय उंबऱ्यावरच राहिले.

दिनकरनं तिच्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बंद झाला. "त्या चष्मेवाल्यानं धाडलं व्हय? त्यानं मोबाइलवर फोटू काढला, तवाच मला शंका आली. दुसऱ्या दिवशी सगळं भादरून टाकलं." मग कोरड्या आवाजात, "जमिनीसाटी आलीस ना? कागद काढ. कुठं सही करू सांग आनि जा."

"कागद न्हाई आनला, दिनू."

"बघू पिशवी."

तिनं पिशवी दिली. त्यानं ती तिथंच, पिठानं माखलेल्या फळीवर उलटी केली. एक लुगडं पडलं. गोळ्यांची पट्टी. एसटीची तिकिटं. चटणीचा डबा. त्यानं पिशवी झटकली, आतला कोपरा चाचपला, पुन्हा झटकली. कागद नव्हता. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं एकेक वस्तू परत पिशवीत ठेवायला सुरुवात केली. डब्याशी आल्यावर हात थांबला. झाकण काढून त्यानं वास घेतला, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं.

"आईची?"

अक्कानं मान हलवली. "माजी. आई गेली."

"कदी?"

"पाच वर्सं झाली."

त्यानं वळून तव्याखालचा जाळ बंद केला आणि ओट्याच्या कडेला धरून उभा राहिला. त्याची पाठ आमच्याकडं होती. अक्का उंबरा ओलांडून आत गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवायची तिची हिंमत झाली नाही. तिनं पोळपाट पुढं ओढला, पिठाचा गोळा घेतला आणि लाटायला लागली. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो.

थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला. "पातळ लाट. पोरं जाड खात न्हाईत."

जेवणाची घंटा झाली. पोरं थाळ्या वाजवत आली आणि दाराशी गर्दी करून ओरडायला लागली, काका, भूक लागली, काका, आज उशीर का?

दिनकर बाहेर आला. डोळे लाल होते, बाहीला पीठ लागलं होतं.

"थांबा जरा," तो पोरांना म्हणाला. "आज माज्या घरचं मानूस आलंय."